वेदना, वीज आणि पुरावा : मज्जातंतूंच्या विद्युत उद्दीपनाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

वेदना मानवी जीवनाइतकीच जुनी आहे. तथापि इतिहासलेखनात तिला फार उशिरा स्थान मिळाले. युद्धे, दुष्काळ आणि साथीचे रोग यांचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला, कारण त्यांत मृतांची संख्या मोजता येते. ज्या दुखण्याने माणूस मरत नाही, परंतु ज्याच्यासह त्याला वर्षानुवर्षे जगावे लागते, त्या दुखण्याची नोंद मात्र क्वचितच होते. त्यातही संपूर्ण अंग दुखते, पण क्ष-किरण चित्रात किंवा रक्ताच्या तपासणीत काहीच सापडत नाही, असा रुग्ण तर दुहेरी अडचणीत असतो. त्याला आधी दुःख सोसावे लागते आणि मग ते खरे असल्याचे सिद्ध करावे लागते.

अशा दीर्घकालीन, सर्वांगव्यापी वेदनेवर विजेच्या सौम्य प्रवाहाचा उपयोग करावा की करू नये, हा आज वैद्यकशास्त्रातील वादाचा प्रश्न आहे. त्वचेवर चिकटपट्ट्या लावून त्यांतून मज्जातंतूंना सौम्य प्रवाह देणाऱ्या उपकरणास ‘टेन्स’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. आपल्याकडे भौतिकोपचार विभागातून बाहेर पडणारा रुग्ण ‘करंट लावून आलो’ असे जे सांगतो, त्यात पुष्कळदा याच उपचाराचा समावेश असतो. हे उपकरण आधुनिक वाटत असले, तरी त्यामागील कल्पनेला सुमारे दोन हजार वर्षांचा लिखित इतिहास आहे. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा मागोवा घेण्यात आला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वेदनाशमनासाठी विजेच्या वापराचे प्रमुख ऐतिहासिक टप्पे स्पष्ट करणे.
२. प्रत्येक टप्प्यावर ‘उपचार लागू पडला’ हे कशाच्या आधारे ठरविले गेले, याचा शोध घेणे.
३. सर्वांगव्यापी वेदनेच्या संदर्भात अलीकडील निष्कर्षांत दिसणाऱ्या परस्परविरोधाची ऐतिहासिक कारणमीमांसा करणे.

सदर अभ्यासासाठी प्रकाशित साधनांचा आधार घेऊन ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे. हा निबंध इतिहासाच्या अभ्यासकाने लिहिलेला असून तो वैद्यकीय सल्ला नाही, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक आहे.

पाकट मासा आणि रोमन वैद्य

वेदनेवर विजेचा उपयोग केल्याची सर्वांत जुनी स्पष्ट लिखित नोंद रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याची आहे. सम्राट क्लॉडियस याच्या काळात, इ. स. ४७ च्या सुमारास, त्याने औषधयोगांचा एक संग्रह सिद्ध केला. जुनाट डोकेदुखीवर जिवंत काळा टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि तो भाग बधिर होईपर्यंत तसाच राहू द्यावा, असे तो सांगतो. टॉर्पेडो ही पाकट माशांपैकी एक जात असून ती विजेचा धक्का देते. पायाच्या संधिवातासाठी रुग्णाने समुद्रकाठी ओल्या वाळूवर उभे राहून असा मासा पायाखाली घ्यावा आणि गुडघ्यापर्यंत बधिरता येईपर्यंत थांबावे, असा त्याचा दुसरा उपाय आहे.

या संदर्भात अँटेरॉस नावाच्या व्यक्तीचा उल्लेख येतो. तो सम्राट टायबेरियसचा दास्यमुक्त सेवक होता. समुद्रकाठी फिरताना त्याचा पाय चुकून माशावर पडला आणि त्याचे दुखणे थांबले, अशी कथा अनेक आधुनिक लेखनांत आढळते. मूळ नोंदीत तो या उपायाने बरा झाला एवढेच म्हटले आहे. अपघाताचा तपशील नंतरच्या लेखकांनी घातलेला दिसतो. त्याचप्रमाणे ईजिप्तमध्ये सक्कारा येथील ती याच्या थडग्यात नाईल नदीतील विजेचा धक्का देणाऱ्या माशाचे चित्र आहे. त्यावरून प्राचीन ईजिप्तमध्ये विद्युत उपचार होते असे विधान काही ठिकाणी केले जाते. मासेमारीच्या दृश्यात मासा असणे हा उपचाराचा पुरावा ठरत नाही. उपचारपद्धतीला प्राचीनतेचे वलय देण्याचा मोह येथे स्पष्ट दिसतो.

स्क्रिबोनियसच्या नोंदीत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. डोकेदुखीसाठी एकाहून अधिक मासे तयार ठेवावेत, कारण कधी कधी दोन-तीन माशांनंतरच गुण येतो, अशी सूचना तो देतो. वीज म्हणजे काय, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण उपाय पुरेशा मात्रेत व्हावा लागतो आणि बधिरता ही त्या मात्रेची खूण आहे, हे त्याने ओळखले होते. पुढे गॅलेन यानेही हा उपाय करून पाहिला. मेलेल्या माशाचा उपयोग होत नाही, जिवंत माशाचा होतो, असे त्याने नोंदविले. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

अठरावे शतक : यंत्र, परोपकार आणि संशय

१७४५-४६ मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि लायडन येथील पीटर फान मुशेनब्रूक यांनी स्वतंत्रपणे विद्युतभार साठविण्याचे साधन शोधले. लायडन जार या नावाने ते प्रसिद्ध आहे. आता विजेचा धक्का देण्यासाठी माशाची गरज उरली नाही. पुढे जॉन वॉल्श याने १७७२ मध्ये फ्रान्समधील ला रोशेल येथे प्रयोग करून टॉर्पेडोचा धक्का हा विजेचाच असल्याचे दाखविले. तोवर यंत्राच्या विजेने युरोपातील अनेक शहरांत उपचार सुरू झाले होते.

या उपचारांच्या प्रसारात मेथॉडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे स्थान महत्त्वाचे आहे. महागडी औषधे न परवडणाऱ्या गोरगरिबांसाठी त्यांनी १७५६ पासून लंडनमध्ये विद्युत उपचार सुरू केले आणि १७६० मध्ये या विषयावर एक पुस्तकही प्रसिद्ध केले. त्यात कोणाला कशाने बरे वाटले याच्या असंख्य नोंदी आहेत. वेस्लींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांची पद्धत साक्षीदारांच्या संख्येवर अवलंबून होती. ज्यांना बरे वाटले ते परत येऊन सांगत. ज्यांना वाटले नाही, त्यांचे काय झाले हे अशा नोंदींतून समजत नाही.

याच काळात बेंजामिन फ्रँकलिन यांनी नेमका उलट स्वभाव दाखविला. पेनसिल्व्हेनियात अनेक पक्षाघाताचे रुग्ण त्यांच्याकडे विजेसाठी येत. १७५७ मध्ये जॉन प्रिंगल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला अनुभव कळविला. सुरुवातीच्या काही दिवसांत रुग्णांत सुधारणा दिसे, ती पाचव्या दिवसानंतर थांबे आणि पुढे रुग्ण पूर्वस्थितीला येत. कायमचा लाभ आपण पाहिला नाही, असे त्यांनी स्पष्टपणे लिहिले. एवढेच नव्हे, तर जो तात्पुरता लाभ दिसला त्यात प्रवासाने झालेल्या हालचालीचा आणि बरे होण्याच्या आशेचा वाटा किती, असा प्रश्नही त्यांनी उपस्थित केला. ज्या मनुष्याने विजेच्या संशोधनात कीर्ती मिळविली, त्यानेच विजेच्या उपचाराबद्दल अशी साशंकता व्यक्त करावी, हे बौद्धिक प्रामाणिकपणाचे उदाहरण आहे. १७८४ मध्ये पॅरिस येथे मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची चौकशी करणाऱ्या आयोगात फ्रँकलिन होते. त्या आयोगाने रुग्णांचे डोळे बांधून, उपचार केव्हा चालू आहे हे त्यांना कळू न देता परीक्षा घेतली. आजच्या आभासी उपचाराशी तुलना करणाऱ्या चाचण्यांचे बीज तेथे सापडते.

एकोणिसावे शतक : रुग्णालय आणि बाजारपेठ

१८०० मध्ये व्होल्टाने बॅटरी सिद्ध केली आणि १८३१ मध्ये फॅरडेने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. त्यामुळे वैद्यांच्या हाती अखंड व नियंत्रित प्रवाह आला. लंडनमधील गाईज रुग्णालयात १८३६ मध्ये विद्युत उपचारांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. फ्रान्समध्ये द्युशेन यांनी १८५५ च्या ग्रंथात शरीराच्या ठरावीक भागापुरता प्रवाह मर्यादित ठेवण्याचे तंत्र मांडले. वीज आता नवलाईच्या प्रयोगातून रुग्णालयात आली होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अमेरिकेतील जॉर्ज बिअर्ड यांचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी १८६९ मध्ये ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जासंस्थेचा थकवा ही संकल्पना मांडली. सततचा शीण, झोप न लागणे, अंगभर फिरणारी दुखणी आणि शरीरात कोणताही दृश्य बिघाड नसणे, अशी ही लक्षणे होती. १८७१ मध्ये बिअर्ड आणि रॉकवेल यांनी वैद्यकीय विजेवर ग्रंथ लिहिला. त्यात संपूर्ण शरीराला प्रवाह देण्याच्या पद्धतीचा पुरस्कार आहे. या संकल्पनेत व आजच्या फायब्रोमायाल्जियात बरेच साम्य आढळते. दोन्ही एकच होत असे मात्र म्हणता येणार नाही. कारण रोगाचे नाव हे त्या त्या काळातील समजुतींतून घडत असते. परंतु सर्वांगाने दुखणाऱ्या, तपासणीत निर्दोष ठरणाऱ्या रुग्णाचे काय करावे हा प्रश्न तेव्हाही वैद्यांसमोर होता, हे यावरून दिसते.

रुग्णालयाबरोबर वीज बाजारातही गेली. पुल्व्हरमाखर याच्या विद्युत साखळ्या इतक्या प्रसिद्ध झाल्या की फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या १८५७ च्या कादंबरीतील औषधविक्रेता ओमे अंगावर त्याच साखळ्या घालून मिरवताना दिसतो. सर्व रोगांवर गुणकारी म्हणून विद्युत पट्ट्यांच्या जाहिराती होऊ लागल्या. परिणामी, खरा उपयोग आणि भोंदूगिरी यांतील सीमारेषा पुसली गेली. अमेरिकेत १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर वैद्यकीय शिक्षणाची पुनर्रचना झाली आणि प्रयोगशाळेत न टिकणाऱ्या उपचारांना महाविद्यालयांतून स्थान राहिले नाही. विद्युत उपचारही त्यांत मागे पडले. १९१९ मध्ये पेटंट मिळालेले ‘इलेक्ट्रीट’ हे बॅटरीवरील घरगुती उपकरण आजच्या टेन्सचे जवळचे पूर्वज मानता येईल. त्याच्या अवास्तव दाव्यांवर पुढे १९३८ च्या औषधविषयक कायद्यान्वये कारवाई झाली. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विजेने वेदना कमी होते असे म्हणणे प्रतिष्ठित डॉक्टरला अवघड झाले होते.

१९६५ : सिद्धांताचे बळ

ही स्थिती बदलली ती एका सैद्धांतिक लेखामुळे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेचा ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत मांडला. वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ जाणारी तार नव्हे. मज्जारज्जूमध्ये एक प्रकारचे द्वार असते. स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू सक्रिय झाले की ते द्वार मिटू लागते आणि बारीक तंतूंतून येणारी वेदनेची वर्दी अडते. त्याच वेळी मेंदूकडून खाली येणारे संदेशही या द्वारावर नियंत्रण ठेवतात. कोपर आपटल्यावर आपण ते नकळत चोळतो, त्यामागील कारण या सिद्धांताने समजावून देता येते. त्यातील अनेक तपशील पुढे दुरुस्त करावे लागले. पण वेदनेचे नियमन मज्जासंस्थाच करते, हा गाभा टिकला.

१९६७ मध्ये वॉल आणि विल्यम स्वीट यांनी दीर्घकालीन वेदनेच्या ८ रुग्णांच्या मज्जातंतूंना सेकंदाला १०० स्पंदने या गतीने प्रवाह दिला. त्यांपैकी ज्या ४ रुग्णांना परिघीय मज्जातंतूंचा आजार होता, त्यांची वेदना २ मिनिटांच्या उद्दीपनानंतर अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबली. त्याच वर्षी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूच्या मागील बाजूस विद्युताग्र बसविण्याची शस्त्रक्रिया केली. अशी शस्त्रक्रिया कोणाला लागू पडेल हे आधी पाहण्यासाठी त्वचेवरून प्रवाह देऊन चाचणी घेतली जाई. त्यात काही रुग्णांना त्वचेवरील प्रवाहच पुरेसा ठरतो असे लक्षात आले. निवडीसाठी वापरलेले साधन असे स्वतंत्र उपचार बनले आणि १९७० च्या दशकात अंगावर वागविता येणारी लहान उपकरणे उपलब्ध झाली. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टर्लिट्झ यांनी शरीरातच तयार होणारी अफूसदृश द्रव्ये शोधली. टेन्सच्या परिणामात या द्रव्यांच्या ग्राहकांचा सहभाग असल्याचे नंतरच्या प्राणिप्रयोगांतून दिसून आले.

आपल्याकडे भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले, आणि त्या काळातील पोलिओच्या प्रश्नाने त्याला चालना मिळाली. पुढे या शाखेच्या विस्ताराबरोबर विद्युत उपचार आपल्या रुग्णालयांत नित्याचे झाले.

सर्वांगव्यापी वेदना आणि पुराव्याचा पेच

वरील प्रयोग मुख्यतः एका जागी होणाऱ्या वेदनेवरचे होते. सर्वांगव्यापी वेदनेची व्याख्या मात्र त्या मानाने उशिरा स्थिरावली. १९०४ मध्ये गॉवर्स यांनी ‘फायब्रोसायटिस’ हा शब्द वापरला. त्यात स्नायूतंतूंचा दाह गृहीत होता. असा दाह सापडला नाही. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संस्थेने फायब्रोमायाल्जियाचे निकष ठरविले : शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर व खाली तसेच मणक्याच्या भागात किमान तीन महिने वेदना, आणि १८ पैकी ११ बिंदूंवर दाबल्यास दुखणे. २०१० मध्ये हे बिंदू वगळून रुग्णाच्या निवेदनावर आधारलेले निकष पुढे आले. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन सर्वांगव्यापी वेदनेस स्वतंत्र स्थान देण्यात आले. अशा रुग्णांत बिघाड हाडात वा स्नायूत नसून वेदनेचे संदेश वाढविणाऱ्या मज्जासंस्थेच्या कार्यात असतो, ही धारणा आता बळावली आहे.

तथापि टेन्सबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. १९९० मध्ये रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रुग्णांवर चाचणी घेतली. खरा टेन्स आणि आभासी टेन्स यांत फरक दिसला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेने जुनाट कंबरदुखीसाठीच्या टेन्सचा सर्वसाधारण खर्च देणे थांबविले. फायब्रोमायाल्जियासंबंधी कॉक्रेनचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात केवळ ८ अभ्यास व ३१५ रुग्ण होते आणि पुरावा अनुकूल वा प्रतिकूल मत देण्यास अपुरा असल्याचे नमूद केले होते.

२०२० मध्ये डेली, स्लूका व सहकाऱ्यांनी फायब्रोमायाल्जिया असलेल्या ३०१ स्त्रियांवरील चाचणी प्रसिद्ध केली. यात दोन बाबी नवीन होत्या. पहिली म्हणजे मात्रा : सहन होईल तितका जोरकस प्रवाह, दररोज दोन तास, चार आठवडे. दुसरी म्हणजे मोजणीची वेळ : रुग्ण स्वस्थ बसलेली असताना नव्हे, तर चालताना होणारी वेदना मोजण्यात आली. खऱ्या टेन्सच्या गटात ४४ टक्के स्त्रियांची हालचालीतील वेदना ३० टक्के वा अधिक कमी झाली. आभासी टेन्सच्या गटात हे प्रमाण २२ टक्के आणि टेन्स न घेणाऱ्या गटात १४ टक्के होते. असे असूनही एप्रिल २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाईस या संस्थेने दीर्घकालीन प्राथमिक वेदनेसाठी, म्हणजे फायब्रोमायाल्जियासह, टेन्स देऊ नये अशी शिफारस केली. २०२२ मध्ये जॉन्सन व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वेदनांवरील ३८१ चाचण्यांचा आढावा घेऊन, उपचार चालू असताना व लगेच नंतर वेदनेची तीव्रता आभासी उपचारापेक्षा कमी होते, असे मध्यम खात्रीचे मत दिले.

या विरोधाची संगती कशी लावावी? येथे इतिहासाची मदत होते. प्रवाह दुर्बळ असेल, थोडा वेळ दिला असेल किंवा तो बंद झाल्यावर काही दिवसांनी वेदना मोजली असेल, तर निष्कर्ष नकारात्मक येण्याची शक्यता वाढते. बधिरता येईपर्यंत मासा काढू नये, या स्क्रिबोनियसच्या सूचनेतील मात्रेचा विचार अनेक आधुनिक चाचण्यांत हरवला होता. दुसऱ्या बाजूने, फ्रँकलिन यांचा प्रश्नही कायम आहे. आभासी उपकरणानेही २२ टक्के स्त्रियांना तेवढाच उतार पडला, हे विसरता येत नाही. शिवाय टेन्सचा प्रवाह त्वचेला जाणवतो. त्यामुळे रुग्णाला खऱ्या-खोट्याचा पत्ता लागू न देणे कठीण असते. मेस्मरच्या रुग्णांचे डोळे बांधता आले, येथे त्वचेचे डोळे बांधणे सोपे नाही.

निष्कर्ष

१. विजेने वेदना शमविण्याचा इतिहास सलग प्रगतीचा नाही. आशा, प्रसार, बाजारीकरण, बदनामी आणि पुनरुज्जीवन असे त्याचे आवर्तन दिसते.

२. केवळ बरे झालेल्यांच्या साक्षीवर विसंबणे ही वेस्लींच्या काळातील मर्यादा होती; रुग्णाची साक्षच निरुपयोगी मानणे ही तिच्या उलट टोकाची चूक होय. वेदना मोजण्याचे रुग्णाच्या शब्दाखेरीज दुसरे खात्रीचे साधन अद्याप उपलब्ध नाही. म्हणून साक्ष टाळण्याऐवजी ती तुलनात्मक पद्धतीने घेणे हाच मार्ग उरतो.

३. आजच्या मतभेदांचे एक महत्त्वाचे कारण मात्रा व मोजणीची वेळ यांतील भिन्नतेत आहे. ‘टेन्स उपयोगी आहे काय?’ हा प्रश्न अपुरा असून तो कोणाला, किती, केव्हा आणि कशासाठी, असा विचारला गेला पाहिजे.

४. टेन्स हा सर्वांगव्यापी वेदनेचा रोगनाश करणारा उपाय नाही. तो चालू असताना काहींना चालणे-फिरणे सुसह्य होते, एवढाच दावा आजच्या पुराव्यावर करता येतो.

हा दावा लहान आहे. परंतु सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे ऐकून घरी परतलेल्या स्त्रीला दिवसातले दोन तास स्वयंपाकघरात उभे राहता आले, तर तिच्या दृष्टीने तो लहान नसतो. विद्युत उपचारांच्या इतिहासात मोठे दावे करणारे पुष्कळ झाले आणि त्यांनीच या उपचाराची सर्वाधिक हानी केली. लहान दावा प्रामाणिकपणे तपासून पाहणे आणि तो करणाऱ्या रुग्णाचे म्हणणे खोटे न मानणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात, असे या इतिहासाच्या अभ्यासातून दिसून येते.